गिल्बर्ट टेकडीचे खांब आणि वरळीचे थर



अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आपण पाहिली असेलच. तिचे उभे खांब म्हणजे 'खडकाचे थर' असे पुष्कळ मुले लिहितात. ते थर नव्हेत. तप्त लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि हे काळे खांब झाले.

गाळाच्या खडकाचे थर निराळे. काचेच्या बरणीत पाणी घ्या, मूठभर रेती व माती टाकून हलवा आणि ठेवून द्या. जाड रेती आधी बसेल, बारीक माती मागाहून. नदीचेही तसेच. लोंढा जोराचा असला की रेती येते, ओसरला की बारीक गाळ. थरावर थर साचतो, ओझ्याने दबतो, पाण्यात विरघळलेला चुना कणांना सांधतो व खडक बनतो. उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना.

मुंबईत असे खडक थोडे, पण आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर थांबून थांबून आले. मधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला, त्यावर पुन्हा लाव्हा पसरला. वरळीच्या अशा थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले.

ही विद्या परक्यांची, असे काही पालक म्हणतात. अल-बिरूनींचे सुमारे १०३० सालचे 'किताबुल हिंद' पाहा. डोंगराजवळ नदीतले धोंडे मोठे, पुढे लहान, मुखाशी रेती. यावरून हिंदुस्थानचे मैदान पूर्वी समुद्र होता व तो गाळाने भरला, असे त्यांनी ताडले. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आमू दर्याकाठी लहानपणी पाहिलेली डोके धुण्याची माती (आपली मुलतानी मिट्टीच समजा) सुमारे २३ वर्षांत मऊ दगड झालेली पाहिली. डोंगरांचे थर निरनिराळ्या काळी साचले असावेत, असेही त्यांनी लिहिले. युरोपात स्टेनोने थरांचा नियम मांडला तो १६६९ साली.

पोटापाण्याचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. उपनगरांत टोलेजंग इमारती व भुयारे होत आहेत. कठीण कातळाखाली मऊ थर दडला असेल तर पाया धोक्यात येतो. म्हणून आधी जमीन तपासणारा भूशास्त्रज्ञ लागतो. बी.एस्सी.नंतर भूशास्त्राचे पुढचे शिक्षण आपल्या पवईच्या आयआयटीत मिळते. मुलींनाही ती वाट खुली आहे. दहावीनंतर त्यांचे विज्ञान सोडवू नका. चौकशी करायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. बरणी टेबलावर ठेवली आहे, मुलांनी ती हलवून पाहावी.