हप्ता झाला की पिक्चर

शेंद्र्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या वेळी आम्ही लोणच्याला बुरशी का धरते ते सांगितलं होतं. त्यानंतर बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत ज्या ज्या बाया भेटल्या त्यांनी लोणच्याचं नावसुद्धा काढलं नाही. सगळ्यांचं एकच. "तुम्ही म्हणे हप्ता गोळा झाला की पिक्चर बघता. आम्हालाही नावं सांगा की. पण घरात सगळ्यांपुढं लावता येतील अशी सांगा."

तर आज पिक्चरच.

आमच्याकडं घरटी एक तरी माणूस एमआयडीसीत आहे. फर्स्ट शिफ्टवाला दुपारी येऊन आडवा होतो, नाईटवाला सकाळी. म्हणून दिवसा टीव्ही लावायचा तर मुका लावायचा. आणि रात्री रिमोट ज्याच्या हातात त्याचं राज्य. मालकांच्या बातम्या, पोरांचं क्रिकेट, सासूबाईंची मालिका. आपल्या वाट्याला पिक्चर येतो तो भाजी निवडता निवडता, मधूनच सुरू झालेला आणि शेवट न कळलेला. आमच्यातल्या एकीनं सांगितलं, लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण बसल्या जागेवरून न उठता एकही पिक्चर पाहिलेला नाही. त्या दिवशी ठरलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हप्ता झाला, रजिस्टर मिटलं, की एकीच्या वरच्या खोलीत टीव्ही लावायचा. पोरंबाळं आली तर येऊ द्यायची, पण मध्ये चहा कोणीच करायचा नाही.

एक सोय आधी सांगतो. पुष्कळजणी म्हणतात, आम्हाला नाव टाईप करता येत नाही. करूच नका. मोबाईलवर आणि नव्या टीव्हीच्या रिमोटवर माईकचं चित्र असतं. ते दाबायचं आणि पिक्चरचं नाव मराठीत बोलायचं, पुढं येतं सगळं. आज एका ठिकाणी असलेला पिक्चर उद्या दुसरीकडं जातो, म्हणून कुठं बघायचा ते आम्ही सांगत बसत नाही. फक्त कोणी फुकट पिक्चरची लिंक पाठवली आणि ती दाबल्यावर ओटीपी मागितला, तर तिथंच थांबा. पिक्चर बघायला ओटीपी कोणाला सांगावा लागत नाही.

सुरुवात सासूबाईंपासून करू, कारण त्या खूश तर घर खूश. त्यांच्यासाठी 'संत तुकाराम' लावा. प्रभातचा, १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला, तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस. परदेशात, व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला होता. काळापांढरा आहे, आवाज जरा खरखरतो, पण दहा मिनिटांत कान सरावतो. आमच्या म्हाताऱ्या हात जोडून बसल्या तुकोबांसाठी, आणि जीव जडला जिजाईवर. गौरी नावाच्या बाईंनी जिजाईचं काम केलंय. नवरा देवाचं नाव घेत हिंडतो, घरात दाणा नाही, लेकरू आजारी. तेव्हा ही बाई त्या लेकराला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन पांडुरंगालाच जाब विचारते. तिथं आमच्या एक आत्याबाई जोरात म्हणाल्या, "विचार माय, विचार!" सत्तरी ओलांडलेली, माळकरी बाई ती. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की तुकोबांची बायको कजाग होती. पिक्चर बघून असं वाटलं की घर चालवायला कोणीतरी कजाग असावंच लागतं.

लेकरांसोबत बघायला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची गंमत आहे ती. पिक्चरमध्ये काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केलं. पोरं पोट धरून हसतात. आपण सरस्वतीबाईंकडं बघायचं. घरातलं एकेक सामान विकलं जातंय आणि ही बाई नवऱ्याच्या खुळात बरोबरीनं उभी आहे.

'श्वास' २००४ चा. 'श्यामची आई'ला देशातला पहिला मान मिळाल्यावर पन्नास वर्षांनी तो मराठीकडं परत आला, तो या पिक्चरमुळं. नातवाच्या डोळ्याला कॅन्सर होतो आणि आजोबा त्याला शहरातल्या दवाखान्यात नेतात. एकदाच बघवतो, खरं सांगतो. पण त्याच्या निमित्तानं एक गोष्ट लक्षात ठेवा. लहान लेकराच्या बुबुळात पांढरी चमक दिसली, फोटोत एक डोळा पांढरा आला, तर काजळ, झाडपाला करत बसू नका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा.

आता ज्या पिक्चरवर आम्ही रात्री अकरापर्यंत बोलत बसलो, त्याचं सांगतो. 'एलिझाबेथ एकादशी', २०१४ चा, परेश मोकाशींचा. नावावरून काही कळत नाही. एलिझाबेथ ही सायकल आहे. पंढरपूरचं घर, बाप वारलेला, आई स्वेटर विणायच्या मशीनवर घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात आणि मशीन जप्त होतं. ते सोडवायला आई ती सायकल विकायला काढते. सायकल बापानं बनवलेली. मग ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण, जिला सगळे झेंडू म्हणतात, ही पोरं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. रडारड फार नाही, हसू जास्त आहे. पोरांची बोली तर अस्सल.

पण मशीन उचलून नेतात तिथं आमची खोली गप्प झाली. त्याचं कारण बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. वर्षापूर्वी आमच्याच गटातल्या एकीचे तीन हप्ते थकले होते. मालकाचं कंत्राटी काम सुटलेलं, ती फॉल-पिकोवर भागवायची. गटाचं नाव खराब होईल, पुढचं कर्ज अडेल, म्हणून आम्ही चौघीजणी तिच्या दारात जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. तिनं केलेला चहा घेतला नाही. गल्ली बघत होती. आम्हाला तेव्हा वाटलं, आपण गटाचं काम करतोय.

पिक्चर संपल्यावर ती शेंगांची टरफलं गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही निदान माझं मशीन तरी ठेवलं."

रागानं बोलली असती तर आम्ही भांडलो असतो. ती रागावलेली नव्हती, त्यामुळं काय बोलावं ते सुचेना. पुढच्या बैठकीत रजिस्टरला एक ओळ लिहिली. पहिला हप्ता चुकला की दोघींनी घरी जायचं, काय अडलं ते विचारायचं, दारात कोणी बसायचं नाही. तिचे राहिलेले हप्ते लहान करून दिले, आता दोनच बाकी आहेत. हे पिक्चरमुळं झालं असं आम्ही म्हणत नाही. लाज आधीपासून होती, बोलायला जागा मिळत नव्हती.

दुसरा असाच, 'मुळशी पॅटर्न'. प्रवीण तरडे यांचा, २०१८ चा. मारामारी खूप आहे, कोयते आहेत, रक्त आहे. लहान लेकरं झोपल्यावर लावा. आमच्यातल्या काही बाया म्हणाल्या, असले पिक्चर रेडिओवर सांगायचेच कशाला? पण शेंद्र्याच्या बायांनी हा नाही बघायचा तर कोणी बघायचा? पुण्याजवळ जमिनींना भाव येतो, गावचा पाटील जमीन विकून बसतो, पैसा येतो तसा जातो. पुढं हाच माणूस शहरात वॉचमनकी करतो, हमाली करतो, आणि पोरगा गुंडांच्या नादी लागतो. बापाचं काम मोहन जोशींनी केलंय.

आमच्या भागात कारखाने आले, रस्ते रुंद झाले, पोरांना कामं मिळाली, ते आम्ही नाकारत नाही. पण मोबदल्याचे पैसे आल्यावर कोणाच्या दारात आधी गाडी उभी राहिली आणि कोणी दुसरीकडं चार एकर घेऊन ठेवली, ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. आमच्यातल्या एकीचे मालक आज एका गेटवर रात्रपाळी करतात. गेटच्या आतली काही जमीन एकेकाळी त्यांची होती. तिचा मुलगा अठराचा. त्यानं हा पिक्चर मोबाईलवर पाच-सहा वेळा बघितलेला, डायलॉग पाठ, मित्रांसोबत त्याचे रील बनवलेले. तिनं त्याला त्या शनिवारी मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. बापाचा प्रसंग आला तसा रिमोट दाबून पिक्चर थांबवला आणि म्हणाली, "तू कोयते बघतो. मी तुझ्या बापाला बघते." पोरगा उठून गेला. नंतर काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यानं रील काढून टाकलेले नाहीत, तेवढं दिसतं.

फक्त बायांनी, दार लावून बघायचा म्हणजे 'दोघी'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, १९९५ चा. लग्नाला येणारा नवरदेव वाटेत अपघातात जातो आणि मुलगी पांढऱ्या पायाची ठरते. तिला मुंबईला पाठवतात, तिथं तिच्या नशिबी काय येतं ते तुम्ही ओळखाल. तिनं पाठवलेला पैसा घराला चालतो, ती दारात आलेली चालत नाही. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी दोघी बहिणी झाल्यात. तुमच्या गावात अशी एखादी परत आलेली असेल, तर पिक्चरनंतर तिचं नाव घेऊन बोलू नका. आमच्याकडून ती चूक होता होता राहिली.

'बाईपण भारी देवा' तुम्ही बघितलाच असणार. तोच पिक्चर आम्ही एका शनिवारी परत लावला, नुसतं फुगडी घालायला.

आणि शेवटी 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा. आपल्याकडं थेटरात २०२५ च्या मार्चमध्ये लागला, त्याआधी परदेशात टोरांटोच्या महोत्सवात दाखवला होता. विदर्भातल्या कापसाच्या गावातली सविता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. पण दर थोड्या दिवसांनी पाव्हणे बघायला येतात. तीच साडी, तेच पोहे, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. बापाच्या घरात कापूस पडून आहे, भाव नाही. सुरुवातीला एक प्रसंग उलटा दाखवलाय. बायका बसल्यात आणि मुलगा ट्रे घेऊन येतो, त्याला प्रश्न विचारतात. त्याला आम्ही इतक्या हसलो की खालून कोणीतरी विचारायला आलं, काय झालं म्हणून. मग पुढं सविताला तेच प्रश्न विचारले जातात. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही सगळ्याजणी तशा बसलेल्या, आणि पुढं सुनेला बघायला जाऊन दुसऱ्या पोरीला तसंच विचारलेलं. एकजण म्हणाली, मी तर पोरीला चालून दाखवायला लावलं होतं. पाय लंगडा नाही ना, ते बघायला.

पिक्चरनंतर पंधरा दिवसांनी आमच्यातल्या एकीच्या पुतणीला बघायला पाव्हणे आले. पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. मुलीला विचारून झालं तशी आमची ही बाई पदर सावरून पुढं झाली आणि मुलाला म्हणाली, "दादा, तुमची उंची किती? अन् स्वयंपाकातलं काय काय येतं?" मुलगा लाजला, पण बोलला. पाच फूट सहा. चहा आणि मॅगी. त्याचा मामा मात्र बशी खाली ठेवून बाहेर जाऊन बसला.

निरोप अजून आलेला नाही. घरात दीर तिच्याशी सरळ बोलत नाहीत. पुतणी रोज सकाळच्या गाडीनं कॉलेजला जाते.

येत्या शनिवारी 'टिंग्या' लावणार आहोत, त्या पोराचा आणि त्याच्या बैलाचा. ज्यांच्या गोठ्यात औंदा जनावर गेलंय त्यांनी विचार करून या. आणि तुमच्याकडं कोणता पिक्चर बघून घरात बोलणं निघालं, किंवा बंद झालं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ती नावं वाचू. नमस्कार.