कोंडा की लिखा? आधी कण सरकवून पाहा

आज आपण बोलणार आहोत केसांतल्या पांढऱ्या कणांबद्दल.

मुलीच्या केसांत पांढरं दिसलं की आपण म्हणतो, "झाल्या उवा!" आणि हाताला लागेल ते डोक्यावर ओततो. पण दर वेळी ती लीखच असते असं नाही, कोंडाही असतो. दोन्हींवरचा इलाज वेगळा, म्हणून आधी ओळख पटवू या.

पोरीला अंगणात, उजेडात बसवा. केसांचे भाग पाडून कानांमागे आणि मानेजवळ नीट पाहा. पांढरा कण दिसला की बोटाने सरकवा. सहज सुटून खांद्यावर पडला, तर तो कोंडा. तिळाहून बारीक दाणा केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेला असेल आणि नखाने ओढावा लागत असेल, तर ती लीख. मग ओल्या केसांतून फणी फिरवून पांढऱ्या फडक्यावर झटका. चालती ऊ दिसली की खात्री झाली.

उवा असतील तर घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहा. दर तीन दिवसांनी ओले केस फणीने विंचरा, असं दोन आठवडे करा. औषध लावायचं असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारून परमेथ्रिनचं लावा. लिखा 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून साधारण 9 दिवसांनी तेच औषध पुन्हा लावावं लागतं. एकदाच लावून थांबलो की उवा परत होतात.

कोंड्याला उवांचं औषध चालत नाही, आणि तेल थापूनही तो जात नाही. त्याला कोंड्याचा शाम्पू लागतो. कोंडा एकीचा दुसरीला लागत नाही.

रॉकेल किंवा पिकावर फवारायचं औषध डोक्याला कधीही लावू नका. रॉकेल लावलेली पोर चुलीजवळ गेली तर भडका उडेल. फवारणीचं विष टाळूतून अंगात भिनतं, त्याने जीवही जाऊ शकतो.

शेवटचं सांगतो. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत जाते, रोज न्हाणाऱ्या पोरीच्या केसांतही. तेव्हा पोरीला घाणेरडी म्हणू नका, शाळेत वेगळं बसवू देऊ नका. गटाच्या पुढच्या बैठकीला फणी आणि पांढरं फडकं घेऊन या, एकमेकींची डोकी पाहू या.