तिथी पाहून पाण्यात उतरणाऱ्या बाया

आम्ही नागपूरहून, रामदासपेठेतून बोलतो आहोत. गटाची वही तपासायला तुम्ही जिथे येता, तिथूनच. आज मात्र हप्त्यांचा विषय नाही. आज समुद्राच्या उथळ पाण्यातल्या मासेमारीबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठला आला समुद्र? आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण मागच्या फाल्गुनात आम्ही सात जणी सिंधुदुर्गात गेलो होतो, तिथल्या गटांचं काम पाहायला. मडगावच्या गाडीने कुडाळला उतरलो आणि खाडीकाठच्या एका गावात राहिलो. होळी होऊन चार दिवस झाले होते.

सकाळी तिथल्या बाया निघाल्या. हातात खुरपं, कमरेला टोपली, लुगडं वर खोचलेलं. आम्ही विचारलं, मावशी, पाणी किती वाजता उतरणार हे कसं कळतं? त्या म्हणाल्या, तिथीवरून. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी, म्हणजे नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर भरती सहाला, ओहोटी बाराला. रोज वेळ पाऊण तासाने, खरं तर थोडी जास्तच, पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणून त्या दिवसांत वाळू दूरवर उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही आणि बायांनाही घरची कामं उरकता येतात. आपण तिथी बघतो ती उपासासाठी. त्या दिवशीही संकष्टी होती, दोघींचा उपास होता, तरी त्या आल्याच. तिसऱ्या विकायच्या होत्या, खायच्या नव्हत्या.

तिसऱ्या म्हणजे वाळूत राहणारे शिंपले. त्या आधी पायानेच लागतात, मग वाकून खुरप्याने काढायच्या. खडकाला चिकटलेली कालवं काढणं जास्त अवघड, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आमच्यातल्या एकीला टोपलीभर काढू असं वाटलं होतं, तिच्या दोन तासांत ओंजळभर झाल्या. कंबर मात्र दोन दिवस दुखली. नखाएवढी बारीक तिसरी हाती आली की मावश्या ती परत वाळूत टाकत. आज उचलली तर पावसाळ्यानंतर काय काढायचं, असा त्यांचा साधा हिशेब.

थोडं पुढे काही जण गुडघाभर पाण्यात गरी टाकून उभे होते. आपण गळ म्हणतो तीच. आमिषाला कोळंबी. थंड देशांत वसंत आला, उथळ पाणी तापू लागलं की मासे काठाशी येतात, आणि तिथले हौशी लोक गळाच्या काट्याला पिसं-दोरा गुंडाळून खोटी माशी किंवा खोटी कोळंबी करतात. पुष्कळ जण मासा धरून पुन्हा सोडूनही देतात. ऐकून आमच्या मावश्या हसल्या. धरलेला मासा सोडायचा, तर गेलात कशाला?

पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. खाडीत चोणक नावाचा मोठा, महागडा मासा मिळतो, रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात. हा मासा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे सगळ्यांना हवा असलेला सर्वांत मोठा चोणक बहुतेक वेळा अंडी घालणारी आईच असते. फार बारीक धरू नये हे आपल्याला माहीत आहे, फार मोठंही धरू नये, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा नीट समजलं.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट. होडीचा परवाना असतो, सोसायटीत होडीवाल्याचं नाव असतं. हाताने शिंपले काढणारीकडे होडी नाही, जाळं नाही. त्यामुळे मच्छीमार म्हणून तिचं नाव कागदावर चढणं कठीण जातं. घरचा बाजारखर्च मात्र तिच्या टोपलीवर चालतो. आणि हे फक्त कोकणातलं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलावांवर आपल्या ढिवर बाया झिंगे धरतात, मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकतात. सभासदांच्या यादीत किती जणींची नावं आहेत?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना त्याआधीपासून मिळतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांच्या नावाने प्रस्ताव असेल तर खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. पण प्रस्ताव बाईच्या नावाने असला, तरी निर्णय आणि बँकेचं पासबुक तिच्याच हातात आहे ना, हे गटाने बघायला हवं. नवऱ्याने सही घेतली आणि काम संपलं, असं नको.

तेव्हा ज्या गावांत तलाव आहे, तिथल्या गटांनी येत्या बैठकीत एवढं करा. मासळी धरणाऱ्या, सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बायांची नावं एका कागदावर लिहा. विधवा आणि एकट्या बाया सुटू देऊ नका. मग मत्स्य सोसायटीच्या सचिवांना विचारा, यातल्या सभासद कोण आणि बाकीच्यांना अर्ज कसा करता येईल. मिळालेलं उत्तर तारखेसकट वहीत लिहा आणि वही घेऊन रामदासपेठेला या. पुढचे अर्ज आपण सोबत बसून भरू.