न्हाऊमाखू घालताना

दवाखान्यात बाळ जन्मलं की आजींची एक तक्रार ठरलेली. "अहो, याला अजून अंघोळसुद्धा घातली नाही कुणी!" बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो, केस चिकटलेले असतात आणि नर्सबाई नुसतं कोरडं पुसून, टोपडं घालून बाळाला आईच्या उघड्या छातीशी देतात. आजींनी पाहिलेली सुईण नाळ कापली की लगेच कोमट पाण्याचा तांब्या हातात घ्यायची, त्यामुळे त्यांना हा आळस वाटतो. पण आळस नाही तो. पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तास घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

बाळ पोटात असतं तेव्हा उबेत असतं, आणि बाहेर येतं ते ओलं. अंगावरचं पाणी सुकता सुकता अंगातली ऊब घेऊन जातं. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्यातून ऊब तयार होते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ते जमत नाही. अंग गार पडलं की ते मलूल होतं, दूध ओढत नाही, आणि दूध पोटात नाही म्हणून आणखी गार पडतं. वजन अडीच किलोच्या आत असेल तर हे फारच झपाट्याने होतं. तो पांढरा थरही घाण नव्हे, कातडीचं रक्षण करायलाच तो असतो. चोळून काढू नका.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरच्या घरी घ्यायला शिकवलं. ऊब राखणं, अंगावर पाजणं, जंतुसंसर्ग वेळेवर ओळखून औषध देणं, अशी ती कामं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या गावांत नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुमच्या दारात येतात, त्याची मुळं या कामात आहेत. त्या आल्या की अंघोळीचं त्यांना जरूर विचारा.

घरी आल्यावरही घाई नको. नाळ आठवड्या-पंधरवड्यात आपोआप गळते, तोवर ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी भागतं. बेंबीवर हळद, राख, तेल असं काही लावायचं नाही. पुढे पाणी काढताना बादलीत आधी गार पाणी, मग कढत. आपल्या मोठ्यांच्या अंघोळीला उलटं करतो आपण, कढत पाण्यात विसण घालतो. बाळाच्या बादलीत मात्र चुकूनही नुसतं कढत पाणी राहू नये. कोपर बुडवून पाहा, ना गरम ना गार लागलं की झालं.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आठवा. पाटावर बसतात, पाय लांब करतात, लुगडं गुडघ्यापर्यंत सारतात आणि बाळाला नडग्यांवर उताणं घेतात, डोकं पावलांकडे. म्हणजे बाळाचं तोंड त्यांच्या तोंडासमोर. मानेच्या वळ्यांतलं दूध पुसायला त्या वाकल्या की दोघांत उरतं साधारण वीतभर, फार तर सव्वा वीत अंतर. नवजात बाळाला नीट दिसतं तेही नेमकं एवढ्याच अंतरावरचं, वीस ते तीस सेंटिमीटर. हल्ली बाळाच्या नजरेसाठी काळ्या-पांढऱ्या चित्रांचे संच विकायला असतात. मावशींच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकूही तेच काम करतं, आणि वर ते हलतं, बोलतं!

आणि मावशी गप्प कधी बसतात? "आता हात हं. हा एक हात. दुसरा कुठं गेला? अगोबाई, मूठ सोडायची नाही होय?" आवाज चढा, शब्द लांबवलेले, आणि प्रत्येक प्रश्नानंतर जरा थांबणं. त्या थांबण्यात बाळ पाय झाडतं, ओठ हलवतं, दीड-दोन महिन्यांचं झालं की हसतं. मावशी त्यालाच उत्तर समजून पुढचं बोलतात. एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने, हा संभाषणाचा पहिला धडा बाळ इथे गिरवतं. जगभर मोठी माणसं बाळांशी बोलताना आवाज असाच चढवतात, आणि बाळंही सपाट बोलण्यापेक्षा याच बोलण्याकडे जास्त लक्ष देतात.

एवढ्याशा बाळाला काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगते. १९८० साली डिकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या बाळांना चोखायला बोंडलं दिलं. एका लयीत चोखलं तर आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आपली लय बदलली आणि आईचा आवाज जास्त वेळ ऐकला.

रोजचा क्रमही मोडू नका. आधी पाय, मग हात, छाती, पाठ आणि सगळ्यात शेवटी डोकं, कारण ओलं डोकं फार लवकर गार पडतं. काही आठवड्यांनी बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला की बाळ हातपाय उडवायला लागतं. याच्यानंतर ते, एवढा हिशोब त्याला जमायला लागलेला असतो.

मावशींचं सगळंच घ्यावं असं मात्र नाही. नाका-कानात तेल नको, नाकात फुंकर नको, नाक सरळ व्हावं म्हणून ओढणं नको. बाळाची छाती फुगलेली दिसली तर ती आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे, काही आठवड्यांत आपोआप बसते. ती पिळून दूध काढण्याची पद्धत तर बंदच करा, त्यातून गळू होतं. धुरीने बाळाचा श्वास कोंडतो. काजळात शिसं असू शकतं. आणि बाळ रडून लाल होईपर्यंत चोळलं म्हणजे मालिश चांगली झाली, हा समजही सोडा.

नव्या घरांत आणखी एक खूळ आलंय. बाळ रडू नये म्हणून टबाशेजारी मोबाइल टेकवून त्यावर गाणी लावायची. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे. मला त्याहून खटकतं ते निराळंच. बाळ "हुं" म्हणालं तर ते गाणं थांबत नाही.

मावशी मिळत नाहीत, आजी गावाला आहेत, मग काय? बाबांनी बसावं. पाय लांब करायची सवय नसेल तर टब घ्या, पण एक हात मानेखाली कायम हवा, आणि फोन वाजला, दारावरची बेल वाजली तरी बाळाला पाण्यात सोडून उठायचं नाही. बोलायचं काय, हा प्रश्न बाबा लोक हमखास विचारतात. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, घरात जी भाषा असेल तिच्यात कालच्या क्रिकेटच्या मॅचचं सांगितलं तरी चालेल. फक्त अंघोळ पाच मिनिटांत उरका, पाणी निवतं. राहिलेली मॅच बाळाला पंच्यात गुंडाळल्यावर सांगा.