बियाण्याचा पैसा आधी बाजूला



शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जात बुडतो, हे आम्ही कधी मान्य केलं नाही, करणारही नाही. भावाची मागणी कायम आहे. पण भावासाठी थांबायचं तर गाठीला पैसा लागतो. उधारी डोक्यावर असली की पहिल्या वेच्याचा कापूस सावकाराच्याच काट्यावर, त्याच्याच भावात जातो.

हिशेब मांडू. जूनमध्ये १०,००० रुपये उचलले, शेकडा ३ रुपये महिन्यानं. जानेवारीत फेडताना व्याज २,१०० रुपये. बँकेच्या ७ टक्क्यांच्या पीककर्जाला तेवढ्याच मुदतीचं व्याज सुमारे ४१० रुपये.

आपल्या आज्या ज्वारीचं बियाणं राख लावून वेगळं ठेवत. घरातला दाणा संपला तरी त्याला हात लावत नसत. संकरित कपाशीचं बियाणं मात्र दरसाल विकतच घ्यावं लागतं. म्हणजे आता राखायचा तो पैसा.

कापसाची पट्टी हाती आली की पहिल्यांदा बियाणं, खत आणि पहिल्या निंदणीचा पैसा काढायचा. शेती कोरडवाहू, म्हणून दुबार पेरणीचं बियाणंही त्यात धरायचं. हा पैसा वेगळ्या खात्यात, शक्यतो घरच्या बाईच्या नावावर. किराणा, कापडचोपड, लग्नकार्य यांचा नंबर त्यानंतर.

आणि रोजचा खर्च वहीत लिहायचा, घरच्या माणसांच्या मजुरीसकट. उत्पादन खर्च विचारणाऱ्यापुढे हीच वही ठेवायची आहे.

पुढच्या सभेला येताना वही घेऊन या.