दुसरे सभागृह कोणाचे?



विधान परिषद ठेवावी की मोडावी, हा वाद आपल्या चळवळीत जुना आहे. पश्चिम बंगालने १९६९ साली ती मोडली, तमिळनाडूने १९८६ साली. आंध्रने १९८५ मध्ये मोडून २००७ मध्ये पुन्हा उभारली. मोडणारे नेहमी खर्चाचा मुद्दा पुढे करतात. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने म्हणावे याचे आपणांस नवल वाटेल, पण मला तो मुद्दा किरकोळ वाटतो. खरा प्रश्न मताधिकाराचा आहे.

महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सभासद. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सभासद. पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७, आणि १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. मी नोकरीत असताना विधानसभेसाठी मला एक मत होते, पदवीधर म्हणून दुसरे, शिक्षक म्हणून तिसरे. आमच्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईंना एकच. शिक्षक मतदारसंघ माध्यमिक शाळेपासून वर धरलेला असल्यामुळे बाईंच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या प्राथमिक शिक्षकालाही तेथे स्थान नाही.

आता या सभागृहाचे अधिकार पाहा. अर्थविधेयक ते १४ दिवस ठेवून घेऊ शकते. अन्य विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने, दुसऱ्या खेपेस एक महिना. सरकारला ते रोखू शकत नाही, ताटकळत ठेवू शकते, इतकेच.

तरीही ते निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. प्रा. ग. प्र. प्रधान पदवीधरांच्या मतांवर तेथे गेले आणि विरोधी पक्षनेते झाले. १९६० ते १९७८ या काळात सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. तिचा कायदा १९७७ साली झाला. तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविला गेला. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कापलेला पैसा दुष्काळी भागात खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती पोहोचला. कर भरणाऱ्या आम्हां मंडळींना परिषदेत दोन-दोन मतदारसंघ होते. खडी फोडणारीला एकही नव्हता, आजही नाही.

नेमणुकांची कथा तर आपण जाणताच. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने १२ नावे पाठविली. राज्यपालांनी त्यांवर ‘हो’ही म्हटले नाही आणि ‘नाही’ही. २०२२ मध्ये सरकार बदलले, यादी मागे घेतली गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ जण नेमले गेले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांसाठी राखलेल्या जागांची ही गत! आमदारांच्या गुप्त मतदानाविषयी अधिक काय सांगावे? जुलै २०२४ मध्ये ११ जागांना १२ उमेदवार होते. पडले ते शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील.

माझी सूचना अशी. पदवीधर आणि शिक्षक यांच्या १४ जागा शेतमजूर, माथाडी, घरकामगार आणि अंगणवाडीच्या बाया यांना द्याव्यात. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंतच ही रचना लागू राहील, असे १७१ वे कलमच सांगते. मग मतदारयादी कोठून आणणार, असा प्रश्न विचारला जाईल. माथाडी कामगारांची नोंदणी मंडळे १९६९ च्या कायद्याने आली, घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पदवीधरांची यादीही दर निवडणुकीला नव्यानेच करावी लागते. त्या अर्जाच्या रांगेत मी स्वतः अनेकदा उभा राहिलो आहे.