योबेलचे वर्ष आणि गरिबाचे छप्पर

(ज्युबिली महोत्सवानिमित्त गंगापूर येथील सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी जुन्या मिशनऱ्यांचे स्मरण करावे, हा आपला शिरस्ता आहे व तो योग्यच आहे. ते कार्य मजहून अधिकारी वक्त्यांनी केलेच आहे. चालकांनी मजकडे सोपविलेला विषय कित्येकांस रुक्ष वाटेल. परंतु ज्युबिलीशी त्याचे नाते फार जुने आहे. ‘ज्युबिली’ हा शब्द ‘योबेल’ ह्या इब्री शब्दापासून आला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, पन्नासाव्या वर्षी देशभर कर्णा फुंकावा, विकली गेलेली वडिलोपार्जित भूमी मूळ कुटुंबास परत मिळावी, आणि दारिद्र्यापायी दास झालेल्याने मुक्त होऊन आपल्या घरी जावे. म्हणजे ज्या सणाचे नाव आपण आज घेत आहो, त्याचा आरंभच गरिबास भूमी व घर परत देण्याने होत असे.

आता आपल्याच वस्तीतील एक हकीगत सांगतो. एक वृद्ध विधवा, निंदणी व कापूस वेचणी करून पोट भरणारी, एके सायंकाळी माझ्याकडे आली. निराधारांच्या अनुदानासाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. मी विचारले, “मावशी, सालाची कमाई किती?” तिने बोटांवर हिशेब केला. वर्षातून शंभर दिवस अडीचशे रुपयांनी काम मिळाले, म्हणजे पंचवीस हजार झाले. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नाही, त्यांच्या कुटुंबास घातलेली मर्यादा एकवीस हजारांची होती. कोणीतरी तिला आकडा कमी लिहावयास सांगितले होते. ती मला म्हणाली, “मास्तर, खोटं लिहिलं तर पाप लागंल का?”

बंधूंनो, त्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. वर्षाला एकवीस हजार म्हणजे दिवसास अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी. तेवढ्यात संपूर्ण कुटुंब निभावते, असे कोणत्या शहाण्या मनुष्यास वाटेल? १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम २०२३ साली दरमहा एक हजारांवरून पंधराशे झाली, ही इष्ट गोष्ट घडली; परंतु तेव्हा उत्पन्नाची मर्यादा मात्र होती तीच राहिली. जो नियम गरिबास भाकरी आणि खरेपणा यांपैकी एकच निवडावयास लावतो, तो नियमच सुधारला पाहिजे. पापाचा भार त्या म्हातारीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, दानधर्म आहेच की! दानधर्म थोर खरा. पण न्यायाचे ऋण दानाने फिटत नाही. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात हेच प्रतिपादन केले की, मजुरी निदान काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याच्या निर्वाहास पुरेल इतकी असलीच पाहिजे. चाळीस वर्षांनी, १९३१ साली, अकरावे पायस यांनी त्यात कामकऱ्याच्या कुटुंबाचाही स्पष्ट समावेश केला.

हे केवळ ग्रंथांतरीचे बोल नव्हेत. आपल्या महाराष्ट्राने ते एकदा करून दाखविले आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात खडी फोडणारे हात आपल्यांतील वृद्धांस आठवत असतील. त्या काळी वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्या खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्याचा भार उचलला. पुढे २००५ साली संसदेने सर्व देशासाठी तसाच कायदा केला. काम मागणे हा हक्क ठरला, भीक राहिली नाही.

घराची गोष्टही तशीच आहे. पंतप्रधान आवास योजनेत २०१६ सालापासून सपाटीवरील ग्रामीण घरकुलास एक लाख वीस हजार रुपये ठरले. २०२५ साली राज्य शासनाने त्यात पन्नास हजारांची भर घालण्याचे जाहीर केले. परंतु घर बांधावयास आधी पायाखाली जागा हवी. ज्याची झोपडी गायरानावर अथवा दुसऱ्याच्या बांधाला आहे, त्याच्या नावे उतारा नाही. आणि उताऱ्यावाचून घरकुल नाही. पैसाही बांधकाम पुढे सरकेल तसा हप्त्यांनी मिळतो. म्हणून विटा-सिमेंटसाठी गरीब प्रथम सावकाराचे दार ठोठावतो. आपले तरुण वाळूजच्या कारखान्यांत जातात व रांजणगाव, जोगेश्वरीच्या एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. पगारातील मोठा वाटा भाड्यात जातो. ज्या तालुक्याच्या भूमीवर एवढे कारखाने उभे राहिले, तेथे कामकऱ्यास परवडेल अशा भाड्याची घरे का उभी राहू नयेत?

त्यात आपल्या समाजाची आणखी एक अडचण आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधव त्यांत आले. ख्रिस्ती झालेले दलित मात्र बाहेरच राहिले. म्हणून एकाच वाड्यात, एकाच प्रकारच्या कुडाच्या घरात राहणाऱ्या दोन चुलत भावांपैकी एकास रमाई आवास योजनेचे दार उघडे, तर दुसऱ्यास बंद. दारिद्र्य मात्र कोणालाही धर्म विचारीत नाही.

यास्तव माझी विनंती अशी. उत्पन्नाची मर्यादा वाढवावी व अनुदान महागाईबरोबर दरवर्षी वाढावे. घरकुलाआधी बेघरांस जागा मिळावी. औद्योगिक वसाहतीलगत स्वस्त भाड्याची घरे व्हावीत, ही मागणी आपण एकमुखाने, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसह करावी. आपल्या घरचे कामही आहेच. दर रविवारी मिस्सानंतर दोन शिकलेल्या तरुणांनी देवळाच्या ओसरीवर बसून गरिबांचे अर्ज भरून द्यावेत. ग्रामसभेत घरकुलांच्या यादीचा विषय निघतो, त्या दिवशी आपल्यांतील एकही प्रौढ स्त्री-पुरुष घरी राहू नये.

त्या म्हातारीस मी शेवटी एवढेच सांगितले, “मावशी, खरेच लिहा, पुढचे भांडण आमचे.” तो शब्द मी एकट्याने दिला असला, तरी तो पाळणे सर्व धर्मग्रामाच्या हाती आहे. रोषणाईचे दिवे उद्या उतरतील. तिच्या घरात दिवा लागला, तरच कर्णा खरोखर फुंकला गेला असे मी समजेन.